तिघांची होडी

"ताई, तू अशी खाली फळ्यांवर झोपणार असशील, तर ही होडी मला फुकटातही नको!"

धाकट्याचे शब्द त्या चिंचोळ्या लाकडी खोलीत घुमले आणि ताई फळ्यांवरून उठता उठता तशीच बसून राहिली. होडी अजून पाण्यात नव्हती. गोदीच्या आवारात जाड टेकूंवर उभी होती आणि आत ताई, तिचा धाकटा भाऊ, भावजय आणि सात वर्षांची चिमणी असे चौघे तासभर निमूट पडून होते. होड्या बांधणाऱ्या त्यांच्या बापाचा नियमच तसा होता. लांबच्या सफरीची होडी घ्यायची, तर आधी जमिनीवरच तिच्यात शिरायचं, ज्याला जिथे झोपायचं त्याने तिथे आडवं व्हायचं, दार लावायचं आणि तासभर चकार शब्द काढायचा नाही. होडी तुमची आहे की नाही, ते ती आपणहून सांगते म्हणे!

बाप गेला, आई त्याच्याही आधी गेलेली. पोरक्या भावाला ताईने शिडं शिवून वाढवलं, आणि त्या शिवणीत तिचं स्वतःचं लग्न, हौसमौज, सगळं कधी आत दुमडलं गेलं ते तिलाही कळलं नाही. आता तो भाऊ बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा कर्ता पुरुष झाला होता, आणि घरच्या सगळ्यांना घेऊन काही वर्षं समुद्रावरच संसार थाटायचा, हे त्याचं स्वप्न होतं. खरं तर ते स्वप्न आधी ताईचं! तिच्या हातची शिडं कुठल्या कुठल्या सागरांवर फिरून आली होती... ती मात्र शिवणयंत्रापुढून हलली नव्हती.

"इथे झोपायच्या जागा तीनच," धाकटा कुरकुरला. "कालची जुळी होडीच घेऊ. दोन बुडांची, ऐसपैस, कलत नाही की काही नाही. ताईला स्वतंत्र खोली मिळेल."

ताईला कालचा तास आठवला. कालच्या जुळ्या होडीतही चौघांनी तास काढला होता. चौघे चार कोपऱ्यांत, आणि थोड्याच वेळात चिमणीने रडवेल्या आवाजात हाक मारली होती, "आई, कुठेयस गं तू?" ...पलीकडच्या बुडात पडलेल्या आईला ते ऐकूसुद्धा गेलं नव्हतं! इथे मात्र पोर हाताच्या अंतरावर आईबापांचा श्वास ऐकत गाढ झोपली होती. शिवाय जुळी होडी हलकी ठेवली तरच गुणाची. वर्षानुवर्षांचं सामान भरलं की ती सुस्तावणार, आणि तिची ती अवाढव्य शिडं वादळात आवरायला माणसं दोन! नाकापेक्षा मोती जड व्हायचा. शिवाय जुळी एकदा उलटली की उलटलीच. ही जुनी होडी मात्र बुडाशी शिशाचं ओझं घेऊन जन्मलेली. लाटेने आडवी केली तरी पुन्हा उठून उभी राहणारी. होडी हीच बरोबर होती. चौथं माणूस तेवढं जास्त होतं.

ताईने काळजावर दगड ठेवला.

"मी येतच नाहीये," ती म्हणाली. "मला समुद्राची भीती वाटते रे."

"तुला? भीती?"

"वय झालं. पाय जमिनीवर असले की बरं वाटतं. तुम्ही तिघं जा."

कुणीतरी तोंडात मारावी तसा धाकट्याचा चेहरा झाला. "बरं," एवढंच म्हणून तो शिडी उतरून निघून गेला.

जुनी होडी घेतली गेली. त्यानंतर घरात सामान बांधायचा नुसता धडाका उडाला, पण भावाची जीभ मात्र टाळ्याला चिकटली. "कापड आलं का? दोरे पुरतील ना?" बस्स! ज्याला मांडीवर घेऊन तापात रात्री जागवल्या, तो आता गिऱ्हाइकासारखा उंबऱ्यात उभा राहून बोलायचा. एकेक फडताळ रिकामं होत होतं, आणि ताईचीच काय ती चीजवस्तू जागच्या जागी होती. सगळे जेवून उठले की ती एकटी ताटावर बसे. ताट तसंच सारून पुन्हा शिवणयंत्रापुढे जाई. ती शिवत राही... जे शीड तिच्या माणसांना तिच्यापासून दूर नेणार, त्याचीच शिवण ती दुहेरी घालत होती!

शेवटी होडी पाण्यात उतरली आणि शिडं चढवून बघायचा दिवस उजाडला. ताई धक्क्यावरून बघत होती, आणि तिला मोठ्या शिडाला एक चुणी दिसली. आता चुणी वाऱ्यात बघितल्याशिवाय काढता येत नाही; झक मारत होडीत चढावं लागलं. सुरुवातीला तिने भीतीचं सोंग चोख वठवलं. कठडा गच्च धरला, डोळे मिटले, एकदा "अगं आई!" सुद्धा म्हणून झालं.

पण बंदर मागे पडलं, शीड वाऱ्याने टच्च भरलं, होडी कलली... आणि ताई सोंग विसरली! डोलकाठीजवळ कठडा सोडून उभी राहत तिने दोर सैल केला, चुणी हाताने मोडली, पाठोपाठ एक लाट पुढच्या टोकावर फुटून तिला नखशिखान्त भिजवून गेली, आणि ती हसली. शाळकरी पोरीसारखी खळखळून हसली!

वळून बघते तो सुकाणूपाशी धाकटा, त्याच्या मागे चिमणीला धरून भावजय. धाकट्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

"तू खोटं बोललीस, ताई."

"शिडाकडे बघ. वारा बदलतोय."

"मसणात गेलं शीड! मला वाटलं, तुला माझा वीट आला. जन्मभर माझं ओझं वाहिलंस, आता सुटका हवी असेल, म्हणून गप्प बसलो गं! इतके दिवस तुझ्याशी धड बोललोसुद्धा नाही..."

"ताई, तुम्ही चला," भावजय हुंदके देत म्हणाली. "आपण जुळी घेऊ. नाहीतर जायलाच नको!"

"खबरदार!" ताईचा आवाज कापला. "त्या होडीत चिमणीची हाक तुला ऐकू आली नव्हती. मी ऐकली होती. माझ्या एका खोलीपायी ती हाक वाऱ्यावर जाऊ द्यायची? तुम्ही नाही गेलात, तर माझं खोटं फुकट जाईल."

धाकट्याने सुकाणू बायकोच्या हाती दिलं आणि भिजल्या फळ्यांवर बसून ताईच्या मांडीत डोकं खुपसलं. ताईने त्याच्या केसांतून हात फिरवला. केसांत पांढरे डोकावू लागले होते, हे तिला आज दिसलं.

"आणि तुझं काय, ताई? एकटी राहशील?"

"राहीन," ती म्हणाली. "पण मघासारखी अजून थोडी लांब ने मला. तुला घाई नसेल तर."

धाकट्याने डोळे पुसले, सुकाणू परत हाती घेतलं आणि होडी बंदराकडे न वळवता खुल्या समुद्राकडे घेतली. ताई पुढच्या टोकाला जाऊन बसली. दुपार कलेपर्यंत कुणीही परत फिरायचं नाव काढलं नाही.