पंधरावा टेक

बंद करा रे तो सिनेमा! दार करकरलं की उशीत तोंड खुपसता, लाज नाही वाटत? आधी दार करकरणार, मग मांजर उडी मारणार, तुम्ही हसणार, आणि मग खरा खुनी येणार. घाण्याचा बैलही लाजेल.

मी सांगतो ते घडलेलं आहे. आमच्या स्टुडिओत एकजण होता. सिनेमातल्या पावलांचे आवाज मागाहून भरतात ना, ते त्याचं काम. सगळे त्याला पाऊलकर म्हणायचे. खोलीतल्या जमिनीच्या फळ्या उखडून केलेला मातीचा चौकोन, त्यात तो पडदा बघत चालायचा. माती बाहेर येऊ नये म्हणून बूट चौकोनातच काढायचे, हा त्याच्या थोरल्या भावाचा नियम. आधी दोघे मिळून काम करायचे. थोरला एका पायानं अधू, काठी टेकत चालायचा. धाकट्यानं एकदा चारचौघांत सुनावलं, "दादा, तुझ्या फरफटीला आता कोण विचारतंय? घरी बस." दादा घरी बसला. वर्षभरात गेला. हा बहाद्दर शेवटच्या आजारात भेटायलाही फिरकला नाही.

पुढे एक थ्रिलर आला. खुनी लंगडा. असायचाच! लेखकाची अक्कल लंगडी असली की खुन्याच्या हातात काठी येते. दिग्दर्शकानं बजावलं, "सकाळी आठला आवाज हवा. नाहीतर यंत्रातला तयार लावतो, मग तुम्हीही घरी बसा."

अकरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्रीचे सव्वाबारा. चौदा टेक झाले, चौदाही खोटे. धडधाकट पायांना लंगडणं कुठून जमणार? वैतागून त्यानं बूट काढले, मातीकडे पाठ करून खुर्चीत बसला, हेडफोन चढवला. रेकॉर्डिंग मात्र बंद करायला विसरला.

ठक... घस्स.

"मांजर," तो स्वतःशीच हसला. पहिला आवाज मांजराचाच असतो.

ठक... घस्स.

मातीतून. पाठीमागून.

मागे वळतो तो मरतो. हे त्यानंच शंभर सिनेमांत भरून दिलेलं. तो वळला नाही.

ठक... घस्स. ठक...

माती संपली. आता फळ्यांवर. जवळ. आणखी जवळ.

आवाज खुर्चीशी थांबला.

"दादा...?"

...

"चुकलं रे माझं..."

...

उजाडेपर्यंत तो तसाच बसून राहिला. आठला दिग्दर्शक आला, पंधरावा टेक ऐकला आणि टाळ्याच पिटायला लागला. "वा! हेच हवं होतं! काम पक्कं तुमचं!" त्याला काय, खरं-खोटं कधी कळलंय?

तो गेल्यावर पाऊलकर उठला. वळला.

फळ्यांवर मातीचे ठसे होते. अनवाणी. एक पाऊल पूर्ण, दुसऱ्याची फरफट, शेजारी काठीचं गोल टिंब. चौकोनापासून थेट खुर्चीपर्यंत.

परत जाणारं एकही पाऊल नव्हतं.