किंचित गुलाबी

"तुला डोळा मारता येतो का?"

प्रश्न तिचा नव्हता. मैत्रिणींनी पैज लावून तिच्या तोंडात घातलेला. वर्गात नवाच आलेला, काळा चष्मा कधी न काढणारा तो मुलगा प्रयोगशाळेच्या जिन्यात एकटा उभा होता. आणि तिला सगळे 'भोंगा' म्हणायचे ते काही उगाच नाही. प्रश्न वरच्या मजल्यापर्यंत गेला असणार.

त्याने चष्मा काढला. उजवा डोळा काचेचा होता… स्वच्छ, थंड, न हलणारा.

"येतो की," तो म्हणाला. "फक्त तेवढ्यापुरतं मला काही दिसत नाही."

आणि त्याने खरंच डोळा मारला. मैत्रिणी केव्हाच पसार झाल्या होत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्यातच, काय करावं, हसूही फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिने सरांच्या मागे लागून प्रयोगासाठी त्याचंच टेबल मागून घेतलं.

"डोळा गेला कसा?" तिने विचारलं.

"बूच लावून परीक्षानळी तापवली. फुटली."

"बूच कशाला लावलंस, शहाण्या?"

"वास येत होता." त्याने खांदे उडवले. "बुन्सनचाही एक डोळा स्फोटातच गेला. ज्याच्या बर्नरवर तू पेन्सिली भाजत बसतेस ना, तोच."

"आणखी कोण आहे तुमच्या कंपूत?"

"ड्यूलाँग, तोही रसायनवालाच. एक डोळा आणि बोटं. शेले तर नवा पदार्थ मिळाला की चाखून बघायचा. पन्नाशीही नाही गाठली बिचाऱ्याने."

"एक तरी धड माणूस सांग."

"धड माणसं वाणिज्य शाखेला जातात."

असं ते टेबल… ब्युरेटची, म्हणजे त्या उभ्या मापनळीची, तोटी त्याच्या बोटांत, खाली चंबू तिच्या हातात. तो थेंब थेंब सोडायचा, ती चंबू फिरवायची, आणि चंबूतलं पाणी किंचित गुलाबी झालं, म्हणजे थांबायची खूण दिसली, की "बास!" म्हणायची. त्यांचं उत्तर वर्गात सगळ्यात अचूक यायचं. त्याची बोटं चुकून तिच्या बोटांना लागायची. चुकून की काय, कोण जाणे!

एका दुपारी मात्र रंग आला, गडद झाला, पार बीटासारखा झाला, तरी थेंब पडतच राहिले.

"अजून बिनरंगीच आहे ना?" त्याने विचारलं.

तिने खाली पाहिलं. "मस्करी करतोयस ना?"

त्याने चष्मा काढला. त्याचा डावा डोळा लाल होता, पाणावलेला. तिने तो आज पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला.

"एक डोळा जखमी झाला की कधीकधी दुसराही रुसतो म्हणे," तो हळूच म्हणाला. "औषधं चालू आहेत. वाचेल, असं मात्र डॉक्टर म्हणत नाहीत."

"मग इतके दिवस रंग कसा कळायचा?"

"तुझ्या 'बास'वरून. आज तू बोललीच नाहीस."

"आज मी चंबूकडे बघत नव्हते," तिचा आवाज चक्क बसला. "तुझ्याकडे… बघत होते."

बाजूच्या टेबलावर कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

"मग माझं काय हुकलं ते तरी सांग," तो म्हणाला.

"माझे कान तापलेत. लाल झाले असतील."

"किंचित की गडद?"

"गडद."

तो हसला, आणि लगेच हसू पुसल्यासारखं गेलं. "माझ्यात अडकू नकोस. तुला आवडतो म्हणून सांगतोय… मलाही तू आवडतेस म्हणून."

तिने त्याचा हात तोटीवरून काढून आपल्या हातात घेतला.

घरी आई ताटं पुसत होती, बाबा गळक्या नळाखाली वाकले होते. पुढच्या वर्षीची शाखा नि विषय उद्या शाळेत सांगायचे होते.

"वाणिज्य," बाबा खालूनच म्हणाले. "डोळे शाबूत राहतील."

"तुझ्या टेबलावरच्या त्या पोराची आई भेटली होती," आई म्हणाली. "रडत होती गं. तू जरा लांबच राहा बाई. उद्या तो पूर्ण आंधळा झाला तर?"

"होईल कदाचित." तिचा आवाज नेहमीचाच लागला, भिंतीपलीकडे जाणारा. "मी रसायनशास्त्र घेणार आहे. ते माझ्यासाठी. आणि तो मला आवडतो, मी त्याला सोडणार नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाबा. दोन्ही आजच सांगून टाकतेय."