चौथ्या घराचा सूर

मामा जेवायला गेला होता आणि वाद्यदुरुस्तीच्या दुकानात ती एकटीच होती. तेवढ्यात एक उंच तरुण आत आला. बोटांना काळी शाई, हातात माउथ ऑर्गन.

"याचं चौथं घर बोलत नाही," तो म्हणाला. "श्वास आत ओढला की नुसतं फुसफुसतं."

तिनं आतली पितळी पट्टी बदलून दिली. बोलता बोलता तो छापखान्यात मशीन चालवतो, हे कळलं.

दहा दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. तेच घर, तीच पट्टी. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिनं भिंग लावून पाहिलं. पट्टीला मुळापाशी बारीक तडा होता… टाचणीनं उचकटली की काय?

"पाणी कुठंतरी मुरतंय," मामा तिच्या कानाशी पुटपुटला. "वाद्यं बिघडतात गं, पण इतकी वक्तशीर?"

गेल्या वर्षी एक गिटारवाला असाच सात वेळा तारा बदलायला आला होता. गोड गोड बोलायचा. आठव्यांदा आला तो स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन! तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत होती.

"खरं सांगा," तिनं भिंग खाली ठेवलं, "ही पट्टी तुम्ही मुद्दाम तोडता ना?"

"मुद्दाम? कशासाठी?"

"ते तुम्हालाच ठाऊक. काहींना इथं यायला निमित्त लागतं."

तो कानापर्यंत लाल झाला. "उद्या जेवणाच्या सुट्टीत छापखान्यात या. स्वतःच्या कानांनी ऐका, मग काय तो आरोप करा."

ती गेली. चोर रंगेहाथ पकडायला जातेय, असं मामाला सांगून गेली.

काम निकडीचं होतं, त्यामुळं सुट्टीतही मोठं मशीन धडधडत होतं. शेजारी कागदाच्या गठ्ठ्यावर बसून तो वाजवत होता. साधीच चाल. पण चौथं घर आलं, की मशीनच्या वर आवाज चढवायला तो असा काही श्वास ओढायचा, की मानेच्या शिरा फुगायच्या. पट्टी बिचारी किती सोसणार?

म्हणजे लबाडी नव्हतीच. तिला हायसं वाटायला हवं होतं… पण मन खट्टू झालं. हा निमित्त शोधत नव्हता तर!

"एकच चाल तीनदा वाजवली की कंटाळा येतो," तो म्हणाला. "म्हणून श्वास जोरात ओढून तेवढा सूर खाली वाकवतो."

"वाकवता कुठं, मान मुरगाळता त्याची!" तिनं पर्समधून आपला माउथ ऑर्गन काढला. "दुसऱ्या वेळी एक सूर गाळा, ऐकणारा तो मनातच वाजवतो. तिसऱ्या वेळी शेजारचं घर सोबत घ्या. आणि शेवटी तळव्यांची ओंजळ करून… अशी हळूच उघडायची, मिटायची."

तिनं त्याचे शाईचे तळवे धरून नीट वळवले. त्यानं फुंकलं. चाल तीच, पण आता ती झोके घेऊ लागली. तळवे मात्र कुणीच सोडवून घेतले नाहीत.

"काल तुम्ही निमित्त म्हणालात…" तो म्हणाला.

"विसरा ते."

"कसं विसरू? इतकी सोपी युक्ती मला सुचली कशी नाही, म्हणून कालपासून स्वतःवरच चिडलोय."

तिनं डोळे बारीक केले. "हे खरं बोलताय, की गोड बोलताय?"

"गोड बोलता आलं असतं, तर पहिल्याच दिवशी बोललो नसतो? तुम्ही पट्टीकडं बघत होतात, मी तुमच्याकडं. शब्द फुटेल तर शपथ!"

ती खाली बघत काहीतरी म्हणाली. धडधडाटात ते विरून गेलं.

"काय?" त्यानं कान पुढं केला. मग हात लांब करून लाल बटण दाबलं.

मशीन थांबलं. सगळ्या छापखान्यात एकदम शांतता. पुस्तकं शिवणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. आता माघार घ्यायला जागाच नव्हती.

"म्हटलं…" तिनं मान वर केली, "माझा संशय खरा निघावा, असं मला वाटत होतं. अगदी मनापासून."

"अगं बाई!" शिवणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

निकडीचं काम तसंच पडलं होतं. मशीन पुन्हा सुरू करायचं त्याला सुचलंच नाही.