न उघडलेली ट्यूब

काम ते केवढं! जुन्या कॉम्प्युटरची चिप थंड ठेवणारी, आता वाळलेली पेस्ट पुसायची, नवी लावायची, चहा प्यायचा आणि बर्फ वाढायच्या आत घरी. असं म्हणत शंतनू त्या दुपारी शेजारच्या वसुधाकाकूंच्या बेसमेंटमध्ये उतरला. अमेरिकेतल्या नोव्हायला दहा वर्षं गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारा हा नागपूरचा पठ्ठ्या. पण कॉम्प्युटर उघडायची वेळ आयुष्यात आली नव्हती. हे मात्र त्यानं काकूंना सांगितलं नाही. उगाच कशाला!

मशीन उल्हासकाकांनी स्वतः जोडलेलं. काका जाऊन वर्ष झालं होतं. शेवटच्या आजारपणात त्यांनी यावर अकरा गोष्टी आपल्या आवाजात रेकॉर्ड केल्या होत्या, लेकीला, रुहीला, मूल होईल तेव्हा त्याला ऐकवायला. आता रुहीचे दिवस भरले होते आणि तिच्याकडे जायचं काकूंचं विमान उद्या सकाळी होतं. पण मशीन चार मिनिटांत तापून बंद पडायचं. डिस्क काढून दुसरीकडे लावावी, तर काकांनी ती याच मशीनला लॉक केलेली.

शंतनूनं प्रोसेसरवरचा पंखा उचलला. मधली पेस्ट पार वाळून राखाडी झाली होती. कडेला एका बोटाचा ठसा होता, टोक तिरकं छाटलेलं.

"काकू, हे काय हो?"

"त्यांचंच बोट. फणस चिरताना विळीवर टोक गेलं होतं." काकू हसल्या. "पेस्ट बोटानंच लावायचे. ब्रेडच्या पिशवीचा कोपरा कापून बोटावर चढवायचे. मग ब्रेड वाळायचा, आणि मी ओरडायची…"

चहा टाकते म्हणून त्या वर गेल्या.

शंतनू अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुसत बसला. तो उग्र वास, आणि छोट्या खिडकीवर साचत चाललेला बर्फ. ठसा काही केल्या निघेना. अखेर निघाला, चिप लख्ख झाली, आणि तेवढ्यात मागे जिन्याची पायरी करकरली. मग खालची. मग त्याच्या खालची.

"काकू…?"

"चहा झालाय रे, ये वर!" काकूंचा आवाज स्वयंपाकघरातून आला.

जिना रिकामा होता. शंतनू दोन-दोन पायऱ्या घेत वर पळाला. चहानंतर काकूंना सोबत घेऊनच खाली आला, इकडेतिकडे न बघता घाईघाईनं पंखा बसवला, स्क्रू आवळले, मशीन सुरू केलं. गोष्टी पेनड्राइव्हवर कॉपी व्हायला वीस मिनिटं लागणार होती.

सहाव्या मिनिटाला त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं. नव्या पेस्टची ट्यूब तिथंच पडलेली. सीलसुद्धा फोडलेलं नाही.

"काकू… मी पेस्ट लावलीच नाही."

"अगं बाई! मग?"

"मग एव्हाना बंद पडायला हवं होतं."

तापमानाचा आकडा चाळीसवर होता. हलत नव्हता.

"थांबवू का?"

"नको…" काकू कुजबुजल्या. "चालू दे."

दोघं आकड्याकडे बघत बसले. पंखा अगदी मंद फिरत होता. अकराच्या अकरा फाइल्स उतरल्या. काकूंनी पहिली लावली, आणि काकांचा घोगरा आवाज त्या थंड खोलीत भरला, "ऐक हं बाळा, मी तुझा आजोबा…" काकू ढसाढसा रडल्या. शंतनूलाही भरून आलं. तो चष्मा पुसत राहिला.

मशीन बंद करून त्यानं पंखा पुन्हा उचलला. मधे राखाडी पेस्टचा पातळ, ओला थर होता. आणि कडेला ठसा. टोक तिरकं छाटलेलं.

त्यानं कापूस उचलला, तशी काकूंनी त्याचं मनगट धरलं. "पुसू नकोस."

मग त्या उठल्या आणि जिन्याखालच्या फडताळापाशी गेल्या. सकाळीच आणलेला ब्रेड तिथं ठेवला होता. त्यांनी तो दिव्याखाली धरला. पिशवीचा कोपरा कात्रीनं नीट कापलेला होता.

"अहो," रिकाम्या जिन्याकडे बघत काकू म्हणाल्या, "निदान गाठ तरी मारायची!"