न वाजलेले तीन फोन

तेंदूबोडी गावातले सगळे फोन एकाच क्षणी किंचाळले, आणि जिथे वाघीण होती तिथले तीन मात्र गप्प राहिले. असं का झालं असेल? हे कोडं त्या सकाळी रेला कोडापेला पडलं, आणि ते सोडवायला तिच्याजवळ फार थोडा वेळ होता.

रेला सहावीत शिकत होती. तेंदूबोडी म्हणजे जंगलाला खेटून वसलेलं चाळीसेक घरांचं गाव. गावाच्या टोकाला फोनचा उंच मनोरा होता आणि त्याच्या पायथ्याशी वनसंवाद केंद्राची एक खोली. तिथे डॉ. शाहीन काझी नावाच्या शास्त्रज्ञ काम करायच्या. जंगलातल्या वाघांच्या गळ्यात त्यांनी पट्टे घातले होते. वाघ कुठे आहे हे पट्टा उपग्रहांच्या मदतीने ओळखायचा आणि दर मिनिटाला मनोऱ्याला कळवायचा. खोलीतल्या पडद्यावर मग प्रत्येक वाघाचा एक नारिंगी ठिपका दिसायचा. शाळेला सुट्टी असली की रेला सकाळी सकाळी इथे येऊन ठिपके बघत बसायची. शाहीन मॅडमनाही तिची सोबत आवडायची.

वाघ माणसांच्या वावराजवळ आला की गावकऱ्यांच्या फोनमधलं 'वाघवाट' नावाचं ॲप ओरडून सावध करायचं. हे ॲप आल्यापासून दोन वर्षांत गावातलं कुणी वाघाच्या तावडीत सापडलं नव्हतं.

त्या दिवशी मॅडमचा फोन ओरडला. पाठोपाठ बाहेर चहाच्या टपरीवरचे, विहिरीवरचे, घराघरांतले फोन ओरडले. दारं धडाधड बंद होऊ लागली. कुणीतरी आपल्या लेकरांना हाका मारत होतं.

"भिवसन नाला," पडद्याकडे पाहत मॅडम म्हणाल्या. "दोन पिल्लांची वाघीण आहे ही. नाल्याच्या पात्रातून वर येतेय."

रेला ताडकन उठली. "मॅडम, आई तिथेच गेलीय! मोहफुलं वेचायला. गिरजाकाकू आणि सरितावहिनीपण आहेत."

"मग त्यांचेही फोन वाजले असतील. निघाल्या असतील त्या."

"नाही वाजले," रेला म्हणाली. "त्यांचे फोन पळसचे आहेत."

मॅडम एकदम वळल्या. पळस फोन त्यांना माहीत होते. गेल्या वर्षी बायकांच्या बचत गटाने ते आणले होते. पाठीवर उन्हावर वीज बनवणारी पट्टी असलेले, हातातून पडले तरी न फुटणारे आणि बिघडले तर गावातच दुरुस्त होणारे. रेलाने आईच्या फोनमध्ये वाघवाट घालायचा प्रयत्न केला होता. दर वेळी पडद्यावर एकच ओळ यायची : हे ॲप तुमच्या फोनसाठी उपलब्ध नाही.

मॅडमनी शेवंताबाईंना, म्हणजे रेलाच्या आईला फोन लावला. घंटी जात होती, पण कुणी उचलत नव्हतं.

"ती आवाज बंद करून ठेवते," रेला रडकुंडीला येऊन म्हणाली. "दिवसभर जाहिरातवाल्यांचे फोन येतात म्हणून. पिशवीत टाकते नि पिशवी झाडाला टांगते."

गिरजाकाकूंचा फोन लागला, पण तिथेही नुसती घंटी जात राहिली. सरितावहिनीचंही तेच. त्या दोघीही आईसारखाच आवाज बंद ठेवायच्या. मॅडमनी वनरक्षकांच्या पथकाला कळवलं. पथक पलीकडच्या गावात होतं. गाडी घेऊन निघतो, पण अर्धा तास तरी लागेल, असं त्यांनी सांगितलं. नाला केंद्रापासून दोन किलोमीटरवर होता. चालत जाऊन उपयोग नव्हता.

पडद्यावरचा ठिपका किंचित पुढे सरकला.

रेलाला डोळ्यांसमोर दिसत होतं सगळं. पहाटे झाडाखालचा पालापाचोळा जाळून बायकांनी जमीन साफ केलेली असणार. आई कमरेत वाकून एकेक फूल टोपलीत टाकत असणार. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, चार पायांचं जनावर वाटतं, असं मॅडमनीच तिला एकदा सांगितलं होतं.

"तुम्ही पळससाठी का नाही केलं ॲप?" ती ओरडलीच. "फोन तर फोनच असतो ना!"

मॅडम पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होत्या. फोन कानाला लावूनच त्या भराभर बोलू लागल्या. "बाहेरून सारखे दिसतात, आतून नसतात. प्रत्येक फोनमध्ये एक ऑपरेटिंग सिस्टीम (फोनचा सगळा कारभार चालवणारी मूळ आज्ञावली) असते. पडदा, आवाज, बॅटरी सगळं तिच्या हुकमात. ॲपला घंटा वाजवायची असेल तर ते तिला सांगतं, आणि तिला समजेल अशाच शब्दांत सांगावं लागतं. जगातल्या बहुतेक फोनमध्ये दोनच सिस्टीम आहेत. वाघवाट त्या दोघींच्या भाषेत लिहिलंय. पळसची भाषा तिसरी."

"मग तिच्या भाषेत लिहा की!"

"ते पुन्हा पहिल्यापासून लिहिण्याइतकं काम असतं. लिहायचं, तपासायचं, चुका काढायच्या, दर काही महिन्यांनी नवं करायचं. ॲप करणाऱ्यांनी विचारलं, पळसवाले किती? शंभरात तीन. ते म्हणाले, तिघांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही."

"पण मग पळस कोण घेणार? ॲपच मिळत नसतील तर?"

"कुणी घेत नाही. म्हणून ॲप होत नाहीत. म्हणून आणखी कुणी घेत नाही." मॅडमनी फोन खाली ठेवला. "चाक आहे ते, रेला. आपल्या आपण फिरत राहणारं."

रेलाला एवढं कळलं. आणि कळल्यामुळे तिची भीती जराही कमी झाली नाही, उलट वाढली. यात कुणी तिच्या आईचं वाईट करायला बसलं नव्हतं. आई त्या शंभरातल्या तिघांमध्ये होती, इतकंच. आणि तेवढ्यामुळे आत्ता जंगलात तिला काहीही ठाऊक नव्हतं.

ठिपका आता थांबला होता. वाघीण थांबते तेव्हा ती दमलेली असते, किंवा तिला काहीतरी दिसलेलं असतं.

रेलाने डोळे गच्च मिटून घेतले. पळसचा फोन कधीच, कधीच ओरडत नाही का? आणि तिला एकदम आठवलं.

"मॅडम! मागच्या उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेचा इशारा आला होता. दुपारी. आईचा फोन तेव्हा केवढ्यानं ओरडला! आवाज बंद होता तरीसुद्धा. आमची शेळी दावं तोडून पळाली होती. तेव्हा तर तिच्या फोनमध्ये कसलंच ॲप नव्हतं!"

मॅडम खुर्ची ओढून दुसऱ्या संगणकापुढे बसल्या.

"सेल प्रसारण," त्या पुटपुटल्या. "म्हणजे मनोऱ्याच्या टापूतल्या प्रत्येक फोनला एकदम जाणारा संदेश. ॲप हे पोस्टमनसारखं असतं. ज्याची नोंद त्याच्याकडे आहे त्याच घरी जातं. हे प्रसारण म्हणजे दवंडी. कोतवाल दवंडी पिटतो तेव्हा कुणाचं घर कसलं हे बघत नाही. जगातल्या सगळ्या फोन बनवणाऱ्यांनी एक सामाईक नियम मान्य केलेला आहे : मनोऱ्याकडून असा संदेश आला की सिस्टीम कोणतीही असो, फोनने ओरडायचं. आवाज बंद असला तरी."

"मग वाघासाठी का नाही वापरलं?"

"ऊन आणि वणवा, एवढ्यासाठीच हे केंद्राला दिलेलं होतं. वाघासाठी ॲप आहे म्हणून कुणाला सुचलंच नाही." मॅडमची बोटं कळफलकावर चालू होती. पडद्यावर दोनच पर्याय होते, उष्णता आणि वणवा. त्यांनी वणवा निवडला आणि खाली संदेशाची रिकामी चौकट उघडली. मग त्यांचा हात थबकला.

"काय झालं?"

"पिल्लांची वाघीण आहे, रेला. एवढ्या जवळ एकदम भोंगा वाजला तर ती पळेल, की चवताळून अंगावर येईल? मला सांगता येत नाही."

शास्त्रज्ञांनाही माहीत नसतं असं काही असतं, हे रेलाने पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिला फार एकटं वाटलं. तिला आई दिसत होती. पाठमोरी, वाकलेली.

"आईला कळू तर द्या, मॅडम," ती म्हणाली. "कळलं तर ती काहीतरी करेल. माहीतच नसेल तर काय करेल?"

मॅडमनी मान हलवली. "शब्द तू सांग. तुझ्या आईला पटकन वाचता येतील असे. थोडे."

रेलाने ओठ चावत सांगितलं, "वाघीण नाल्यात आहे. पळू नका. उभ्या राहा. एकत्र या. मागे मागे सरका."

मॅडमनी ते टाइप केलं आणि कळ दाबली.

टेबलावरचा फोन भेसूर आवाजात ओरडला. रेला दचकून भिंतीला टेकली. गावात पुन्हा एकदा सगळे फोन ओरडले. बंद दारांमागे लेकरं रडायला लागली. आणि मग शांतता.

दोन किलोमीटरवर काय झालं, हे खोलीत कळायला काहीच मार्ग नव्हता. पडद्यावर वाघीण दिसत होती, माणसं दिसत नव्हती. ठिपका जागचा हलला नाही. एक मिनिट गेलं. मग तो मोहाच्या झाडांकडे सरकला. रेलाने तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. पुढच्या मिनिटाला ठिपका तिथेच होता. मॅडमनी रेलाला जवळ ओढून घेतलं.

मग ठिपका वळला. हळूहळू तो नाल्यात उतरला आणि डोंगराच्या बाजूने लांब जाऊ लागला.

"गेली," मॅडम म्हणाल्या. पण ती का गेली आणि मागे काय ठेवून गेली, हे ठिपका सांगत नव्हता. रेला दाराशी जाऊन उभी राहिली. रस्ता रिकामा होता. कितीतरी वेळ रिकामाच होता.

शेवटी वळणावर तीन बायका दिसल्या. एकमेकींचे हात धरून त्या चालत होत्या. टोपल्या नव्हत्या, एकीच्या पायात चप्पल नव्हती. रेला धावत सुटली आणि आईच्या कमरेला मिठी मारून मोठ्याने रडली. केंद्रात आल्यावर गिरजाकाकू सांगू लागल्या.

"झाडाला टांगलेल्या पिशव्या एकदम बोंबलायला लागल्या. मला वाटलं, काय भुताटकी! शेवंतानं फोन काढला, वाचला, अन् म्हणाली, हलू नका. समोरच्या गवतात बघतो तर... अगं, इथून त्या भिंतीइतक्या अंतरावर होती फक्त! दबून बसलेली."

"मग?" मॅडमनी विचारलं.

"मग काय. तिघी चिकटून उभ्या राहिलो, टोपल्या डोक्यावर धरल्या, अन् ओरडत मागे सरकलो. ती दोन पावलं पुढं आली. टोपल्या टाकल्या तिच्याकडं. पळावं असं सारखं वाटत होतं. शेवंतानं माझं मनगट सोडलंच नाही." गिरजाकाकूंनी मनगट दाखवलं. त्यावर बोटांचे लाल वळ उठले होते.

शेवंताबाईंनी पाण्याचा पेला रिकामा केला. मग त्या मॅडमकडे वळून म्हणाल्या, "बाई, वाघिणीला कुठं ठाऊक असतं, कुणाच्या पिशवीत कुठला फोन आहे ते?"

ते वाक्य मॅडमनी वरच्या कार्यालयात जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या मोहाच्या हंगामाआधी इशाऱ्याच्या पर्यायांत 'वाघ' आला. ज्या मनोऱ्याच्या टापूत वाघ असेल, तिथला प्रत्येक फोन ओरडू लागला. वाघ कुठे फिरतोय ते पाहण्यासाठी मॅडमनी एक साधं वेबपान (कोणत्याही फोनच्या ब्राउझरमध्ये, ॲपशिवाय उघडणारं पान) तयार केलं. वेगवेगळ्या सिस्टीमसाठी वेगवेगळं लिहिण्यापेक्षा सगळ्यांना कळणाऱ्या सामाईक नियमांत लिहिलं, तर शंभरातले तीनही सुटत नाहीत, हे त्यांनी रेलाला नीट समजावून सांगितलं. रेलाला ते आधीच समजलं होतं.

शेवंताबाई मात्र बरेच दिवस जंगलात गेल्या नाहीत. झोपेत दचकून उठायच्या. जायला लागल्या तेव्हाही निम्मं लक्ष फुलांवर आणि निम्मं गवतावर असायचं.

एका संध्याकाळी त्या रेलाला घ्यायला केंद्रात आल्या. मॅडम नवं काम करत होत्या. वाचता न येणाऱ्यांसाठी इशारा बोलून दाखवणारा फोन. त्यांनी तो लावून दाखवला. फोन स्पष्ट मराठीत म्हणाला, "सावधान, जवळ वाघ आहे."

"चांगलं आहे," शेवंताबाई म्हणाल्या. "पण आमच्या सासूबाईंना मराठी नाही समजत. हा गोंडीत का नाही बोलत?"

मॅडम काही बोलणार, इतक्यात रेलाच म्हणाली, "कारण फोन बनवणाऱ्यांना वाटतं, गोंडी बोलणारे थोडे. म्हणून ते त्याला शिकवत नाहीत. आणि फोन बोलत नाही म्हणून फोनवर कुणी गोंडी वापरत नाही. म्हणून त्यांना आम्ही आणखीच थोडे वाटतो." ती थांबली. तिचे डोळे लकाकले. "मॅडम, हे तेच चाक आहे!"

"तेच आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी एक खुर्ची ओढून शेवंताबाईंना बसायला दिली आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र त्यांच्यासमोर ठेवलं. "शेवंताताई, वाघ दिसला तर तुम्ही सासूबाईंना कशी हाक माराल? अगदी तशीच मारा."

शेवंताबाईंनी एकदा खिडकीबाहेरच्या काळ्या होत चाललेल्या जंगलाकडे पाहिलं, पदर खोचला आणि जिवाच्या आकांताने गोंडीत हाक मारली.