चाळीस सेकंद

त्यांची पहिली भेट झाली ती टेबलाखाली. बुसानच्या बंदराजवळ जहाजांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कचेरीत प्यो हेरिम नवीनच लागली होती. कुठली वायर कुठे जाते ते बघायला ती खाली वाकली आणि कंप्युटरची देखभाल करणाऱ्या हान दोग्यॉमच्या कपाळावर तिचं कपाळ आपटलं. दोघांनी एकदमच माफी मागितली. तेव्हापासून पोरीचं काही खरं नव्हतं.

त्या टकरीला आठ महिने झाले होते, आणि सोमवारपासून हान सर उल्सानच्या शाखेत जाणार होते. जाता जाता, जेवणाच्या सुट्टीत, ते तिच्या कंप्युटरसमोर बसले. बिचारा कंप्युटर सुरू व्हायलाच सहा मिनिटं घ्यायचा. प्रत्येक बँकेने, प्रत्येक सरकारी खात्याने सुरक्षेच्या नावाखाली आपापला प्रोग्राम त्यात घुसवला होता, आणि सकाळी बटण दाबलं की सगळे एकदम जागे व्हायचे.

दोग्यॉमने आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी उघडली. "अठ्ठावीस! प्यो मॅडम, कंप्युटर आहे की धर्मशाळा? सकाळी सकाळी जे लागत नाही, ते सगळं बंद करायचं बघा."

हेरिमला हसू आलं नाही. यादीच्या तळाशी मेसेंजर होता. तो जिथे बंद केला तिथेच परत उघडायचा. आणि तिने तो बंद केला होता स्वतःलाच पाठवलेल्या निरोपांवर. सामानाची यादी, पासवर्ड, असलं काहीबाही सगळेच स्वतःला पाठवून ठेवतात. हिने तिथे आठ महिने हान सर लिहून ठेवले होते. वाचून हसले तर? किंवा त्याहून वाईट... सभ्यपणे मान लववून निघून गेले तर?

"हा राहू दे?"

"नको — म्हणजे... बंदच करा."

त्याने केला. कंप्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. चाळीस सेकंद. कोरा पडदा, काही म्हणजे काही उघडलं नाही. हेरिमचा जीव भांड्यात पडला. दोग्यॉमने पिशवी खांद्याला लावली, आता तुमची कटकट मिटली म्हणाला आणि दाराकडे वळला.

त्याची पाठ दिसली मात्र, आणि मघाच्या दुप्पट भीती तिच्या अंगावर आली. काही उघडलं नव्हतं. आता कधीच काही उघडणार नव्हतं.

"थांबा ना... एक मिनिट."

थंडगार बोटांनी तिने यादी उघडली, मेसेंजर चालू केला आणि कंप्युटर पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं. सहा मिनिटं आहेत हातात, तिने सवयीने हिशेब केला. तेवढ्यात बहाणा सुचेल. नाहीच सुचला तर वायर उपटता येईल. मग तिला आठवलं — चाळीस सेकंद! ही करामत याचीच होती. ती वायरकडे झेपावणार, इतक्यात मेसेंजरची खिडकी उघडली.

*आज हान सरांचा निळा स्वेटर. छान दिसतो. सांगितलं नाही.*

*आज पाऊस. दोघं एका छत्रीतून स्टेशनपर्यंत. सांगितलं नाही.*

*सोमवारी जाणार. सांगितलं नाही.*

तो वाचत राहिला. हेरिमने टेबलाची कड घट्ट धरली आणि त्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या बुटांकडे बघत राहिली. बूट आता वळतील, असं तिला वाटत होतं. पण ते वळले नाहीत. पिशवी मात्र हळूच खाली टेकली.

"त्या पावसाच्या दिवशी," तो घसा खाकरून म्हणाला, "माझ्या पिशवीत दुसरी छत्री होती."

तिने मान वर केली. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"मग?"

"मीही सांगितलं नाही."

त्याने उगीचच माउस सरळ करून ठेवला.

"उल्सान काही लांब नाही," तो म्हणाला. "आणि तो मेसेंजर... बंद करू नका. रोज सकाळी लागणार आहे."