गोरी कुसाबाई

पोटच्या पोराने आईकडे असं बघावं का? एक डोळा मिटून, ब्रश आडवा धरून, बाजारात भोपळा पारखावा तसं! आठवडा होत आला, गोरक्षने कुसाबाईंना खिडकीपाशी खुर्चीत खिळवून ठेवलं होतं, कंबर ठणकत होती, मान आखडली होती, पण "आई, दमलीस का?" एवढंही त्याच्या तोंडून निघत नव्हतं... वर चित्रावर कापड टाकून ठेवायचा, जणू चोरीचा माल!

"पूजा, तुझा नवरा मला रंगवतोय का वाळत घालतोय गं?"

"आई, आज दाखवणारेत," सून हसत म्हणाली.

गोरक्षने कापड काढलं.

कुसाबाई बघतच राहिल्या... नाक त्यांचं, लुगड्याचा काठ त्यांचा, पण चेहरा? केतकीच्या पातीसारखा गोरापान!

"कोण रे ही?"

"तूच की, आई! छान आलीस ना?"

कुसाबाई खुर्चीतून उठल्या, आपला हात चित्राशेजारी धरून बघितला. नवरा गेल्यावर या लेकराला सातपूरला भाड्याच्या खोलीत ठेवून, चित्रकलेच्या कॉलेजात घालून, त्या स्वतः दिंडोरीच्या मळ्यांत द्राक्षांचे घड विरळत राहिल्या होत्या. मुळातच सावळं अंग, ते उन्हाने पार करपून गेलं, पण कधी खंत केली नाही... आणि आज त्याच काळ्या आईची याला लाज वाटावी?

"माझं ऊन कुठं गेलं, गोरक्ष?" त्यांनी चित्रातल्या गालाकडे बोट केलं. "लाजतोस व्हय मला?"

"नाही गं, आई!" गोरक्ष मटकन खाली बसला. "लोक चित्र काढून घ्यायला गेलेल्या माणसांचे फोटो आणतात आणि म्हणतात, जरा उजळ करा. सगळ्यांच्या आया उजळ करता करता हाताला तीच खोड लागली... पांढरा रंग कधी कालवला, मलाच कळलं नाही! मला आता खरं माणूस काढताच येत नाही गं..." आणि एवढा पिकल्या केसांचा बाप्या हमसून रडू लागला.

कुसाबाईंचा राग कुठल्या कुठे विरला. उरला तो शीण... त्याचाही आणि त्यांचाही. पदराने त्याचे डोळे पुसून, कंबरेवर हात ठेवत त्या पुन्हा खुर्चीत टेकल्या.

"ऊठ. ही बाई लय देखणी हाय, पण हिनं तुला वाढवलं नाय. पूस तिला, आन् तुझी आई काढ... मी बसते."